नाचताना मान हलवली की चक्कर का येते?

दोन वर्षांपूर्वी श्रावणात मी भरतनाट्यम शिकायला लागले. वय त्रेपन्न. आमच्या गुरुकुंज मोझरीहून अमरावती पस्तीसेक किलोमीटर. दर रविवारी सकाळी जाऊन दुपारी परत. वर्गात बहुतेक आठ-नऊ वर्षांच्या मुली, त्यांच्या दोन आया आणि मी. ओपीडीत ही बातमी पसरायला दोन दिवस पुरले. कुणी तोंडावर हसलं नाही, पण शुगरची गोळी लिहून घेता घेता "मॅडम, नाचता म्हणे तुमी?" असं विचारणारे बरेच निघाले.

पहिले सहा-सात महिने फक्त पाय आणि हात. गुडघे बाहेर वाकवून अर्धं बसायचं, याला अरमंडी म्हणतात. त्या स्थितीत तळपाय आपटत तट्टडवू करायचा, मग हात जोडून नाट्टडवू. गुडघे कुरकुरले, पण हळूहळू जमलं. मग एका रविवारी बाई म्हणाल्या, "पाय बसले. आता मान आणि नजर घाला." म्हणजे हात उजवीकडे गेला की डोकंही उजवीकडे वळायचं आणि डोळ्यांनी बोटांकडे बघायचं. हाताच्या मागे नजर जायला हवी, हे नृत्याचं जुनं सूत्र आहे.

एवढीशी गोष्ट. पण मी मान वळवली आणि पाय विसरले. दुसऱ्यांदा वळवली तेव्हा ताल सुटला. दहाव्या वेळी समोरची भिंत किंचित सरकल्यासारखी वाटली, मळमळलं, आणि मी खाली बसले. शेजारची नऊ वर्षांची मुलगी मात्र मान लचकवत तीच हालचाल दुप्पट वेगात करत होती.

घरी येऊन मी बीपी मोजलं, साखर बघितली, हिमोग्लोबिन करून घेतलं. सगळं ठीक. मानेचा एक्स-रे काढावा असंही मनात आलं. आणि मग मी एक गोष्ट केली, जी माझ्या पेशंटनी केली असती तर मी रागावले असते. दोन रविवार क्लासला गेलेच नाही. कारण विचारल्यावर "कामं आहेत" असं सांगितलं. खरं कारण भीती होतं.

या भीतीबद्दल आज लिहायचंय, कारण ती तुमच्यापैकी अनेकांना आहे. गरब्यात, लेझीममध्ये, भजनात, योगवर्गात डोकं हलवायची वेळ आली की चक्कर येते. मग तुम्ही मान ताठ धरता आणि म्हणता, "मला मानेचा त्रास आहे." आधी हे समजून घेऊ की पाय-हात जमलेल्या माणसाचं डोकं हलवताच सगळं का विस्कटतं.

आपला तोल तीन ठिकाणांहून येणाऱ्या खबरींवर चालतो: डोळे, कानाच्या आतलं तोलाचं यंत्र, आणि पाय व मानेच्या स्नायू-सांध्यांतून येणारी जाणीव. यातले डोळे आणि कान, दोन्ही डोक्यातच बसवलेले. शेत मोजायला आलेल्या माणसाने दुर्बीण तिपाईवर न लावता खांद्यावर घेऊन चालत चालत मोजणी करावी, तसा हा प्रकार आहे. डोकं स्थिर असेपर्यंत मोजणी सोपी. ते हलायला लागलं की मेंदूला प्रत्येक क्षणी वजाबाकी करावी लागते: यात माझं डोकं किती हललं आणि जग किती हललं? लहानपणी आपण ही वजाबाकी पडत-धडपडत शिकतो. पन्नाशीत नवी हालचाल आली की हिशेब नव्याने मांडावा लागतो. त्यात डोक्याचं वजन साडेचार-पाच किलो, म्हणजे ते कलल्यावर पायांनाही भार सावरून घ्यावा लागतो.

कानाच्या आत प्रत्येक बाजूला तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आहेत. त्यांत द्रव असतो. डोकं वळलं की द्रव जरा मागे रेंगाळतो, त्याने आतले बारीक केसासारखे तंतू वाकतात आणि मेंदूला कळतं की डोकं अमुक दिशेला, अमुक वेगाने वळलं. ही खबर इतकी चपळ असते की सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास डोळे उलट दिशेला सरकून नजर जागेवर धरून ठेवतात.

विश्वास बसत नसेल तर आत्ता करून बघा. तळहात चेहऱ्यासमोर हातभर अंतरावर धरा. डोकं स्थिर ठेवून हात डावी-उजवीकडे जोरात हलवा. हातावरच्या रेषा पुसट होतील. आता हात स्थिर ठेवा आणि डोकं तेवढ्याच वेगाने "नाही, नाही" म्हणतो तसं हलवा. रेषा दिसत राहतात. ही किमया कानाची. डॉक्टरी भाषेत हिला व्हेस्टिब्युलो-ऑक्युलर रिफ्लेक्स म्हणतात, नाव विसरलात तरी चालेल.

आता माझी क्लासमधली अडचण बघा. कानाची सवय म्हणते, डोकं उजवीकडे गेलं की डोळे डावीकडे ने. बाई म्हणतात, डोकं उजवीकडे आणि डोळेही उजवीकडे. म्हणजे जन्मभराची आपोआपची सवय क्षणभर दाबायची, आणि तेही पायाचा ताल न चुकवता. नवशिक्याला मळमळणं यात रोग काहीच नाही. मेंदू हिशेब शिकतोय, एवढाच त्याचा अर्थ.

नाचणाऱ्यांनी यावर फार पूर्वी उपाय शोधले आहेत. कथ्थकच्या चक्करमध्ये नर्तकी समोरचा एक बिंदू धरते. अंग वळतं, डोकं शेवटपर्यंत तिथेच राहतं, मग झटकन फिरून अंगाच्या आधी परत त्या बिंदूवर येतं. बॅलेमध्येही हीच युक्ती. आणि आपल्या फुगडीत? हातांची फुली घालून, मागे झुकून, जोडीदारणीच्या चेहऱ्याकडे बघत फिरायचं. ती तुमच्याबरोबरच फिरते म्हणून तेवढा चेहरा डोळ्यांना स्थिर दिसतो. फुगडीत खरी गरगर थांबल्यावर येते, आठवतं ना? फिरताना कानातला द्रवही हळूहळू तुमच्या वेगाने फिरायला लागलेला असतो. तुम्ही थांबता, तो थांबत नाही. घागरीतलं पाणी ढवळून हात काढला तरी फिरत राहतं, तसंच.

सरावाने मेंदू बदलतो का? लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये २९ बॅले नर्तकी आणि २० महिला नौकानयनपटूंची तुलना प्रसिद्ध केली. सगळ्यांना अंधारात खुर्चीत बसवून गोल फिरवलं, थांबवलं आणि फिरल्याची भावना किती वेळ टिकते ते मोजलं. नर्तकींमध्ये ती लवकर ओसरत होती, आणि लहान मेंदूच्या तोलाशी संबंधित भागाच्या रचनेतही फरक दिसला. त्या वर्षानुवर्षं सराव केलेल्या बाया होत्या, त्यामुळे माझ्यासारखीने रविवारच्या दोन तासांत तेवढं मागू नये. पण दिशा कळते.

हे सगळं मी एमडीला वाचलेलं होतं, तरी दोन रविवार घरी बसले. तिसऱ्या आठवड्यात ओपीडीत एक मावशी आल्या. (त्यांची परवानगी घेऊन लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.) मनगटाला प्लास्टर. घरासमोर रस्ता ओलांडताना बाजूने येणारी सायकल दिसली नाही, दचकून पडल्या. त्या वळल्या तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांची मान वळतच नाही. माझ्याकडे बघायला त्यांनी खांदे, कंबर, अख्खं शरीर फिरवलं, एखादं कपाट सरकवावं तसं.

मावशी भजनी मंडळातल्या. १९३५ साली तुकडोजी महाराजांनी इथे आश्रम उभारला, तेव्हापासून या गावाला खंजिरीची सवय आहे. मावशींचा हात त्यात मुरलेला. एका हातात खंजिरी उंच धरलेली, दुसऱ्या हाताची थाप, आणि थापेबरोबर डोलणारं डोकं. मी त्यांना कितीदा ऐकलं होतं.

"काहून मावशी, भजनाले जात नाही का आता?" मी विचारलं.

"तुमीच त सांगतलं होतं मॅडम, मान हालवू नोका म्हणून. मंग म्या खंजिरी सुनेले देऊन टाकली."

जुना कागद काढला. तीन वर्षांपूर्वीचं माझंच अक्षर. चक्कर येते अशी तक्रार, मानेच्या एक्स-रेमध्ये मणके झिजलेले, सल्ला: मानेला पट्टा, मान हलवू नये, चक्करेची गोळी. साठीच्या पुढच्या बहुतेक माणसांच्या एक्स-रेत मणके झिजलेले दिसतातच, चक्कर असो वा नसो. चक्कर नेमकी कशाने येते, किती सेकंद टिकते, हे मी विचारल्याची कागदावर नोंद नव्हती. त्या दिवशी गर्दी होती असेल. पण गर्दी रोजच असते.

आता विचारलं. कुशीवर वळलं की, फळीवरचा डबा काढायला वर बघितलं की खोली गरकन फिरते. अर्ध्या मिनिटात थांबते. मध्ये काही महिने नसते, परत येते. हे ऐकल्यावर निदान ऐंशी टक्के झाल्यासारखंच असतं. कानातल्या एका कप्प्यात कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म खडे असतात. ते सुटून अर्धवर्तुळाकार नळीत शिरले की डोकं विशिष्ट कोनात नेल्यावर द्रव उगाच ढकलला जातो आणि मेंदूला खोटी खबर जाते. याला बीपीपीव्ही म्हणतात. मानेच्या मणक्यांचा याच्याशी संबंध नाही.

तपासणीला यंत्र लागत नाही. टेबलावर बसवून डोकं एका बाजूला पंचेचाळीस अंश वळवायचं आणि डोकं थोडं मागे लटकेल अशा बेताने पटकन आडवं करायचं. डिक्स आणि हॉलपाइक यांनी ही तपासणी १९५२ साली वर्णन केली. मावशींना प्लास्टर सांभाळत आडवं केलं, उजव्या बाजूला डोळे थरथरू लागले, त्यांनी माझा हात घट्ट धरला. मग त्याच टेबलावर डोकं ठराविक चार स्थितींत वळवत खडे मूळ कप्प्यात परत पाठवायचे. याला एप्ले यांची पद्धत म्हणतात. दहा मिनिटांचं काम. आठ दिवसांनी परत एकदा केली.

"थांबलं ना वो मॅडम सारं," मावशी म्हणाल्या. तीन वर्षं आणि दहा मिनिटं. मी त्यांची माफी मागितली. त्यांना त्यात माफी मागण्यासारखं काय आहे ते कळलं नाही, आणि मला त्याने जास्तच वाईट वाटलं.

पण गंमत पुढे आहे. खडे जागेवर गेले तरी मावशींची मान सुटेना. तीन वर्षं न हललेलं डोकं मेंदूला परकं झालं होतं. जरा वळवलं की अधांतरी वाटायचं. आता दोघींची अवस्था सारखीच: मला भरतनाट्यमसाठी मान हवी होती, त्यांना भजनासाठी.

१९४०च्या दशकात ब्रिटनमध्ये कॉथॉर्न आणि कूक्सी या दोन डॉक्टरांनी डोक्याला मार लागलेल्या आणि कानाच्या चक्करेच्या रुग्णांसाठी व्यायाम बसवले. त्यांचं म्हणणं सोपं होतं: ज्या हालचालीने चक्कर येते तीच हालचाल, बेताने, रोज करा. आधी बसून, मग उभं राहून, आधी हळू, मग वेगाने. टाळलं तर मेंदू शिकत नाही. आजही तोलाच्या फिजिओथेरपीचा पाया हाच आहे. आणि चक्कर दाबणाऱ्या गोळ्या, उदाहरणार्थ सिनारिझिन किंवा प्रोक्लोरपेराझिन, चार दिवसांपलीकडे घेत राहिलं तर हे शिकणं उलट लांबतं. म्हाताऱ्या माणसांत त्या जास्त काळ चालल्या तर हातापायांना कंप आणि ताठरपणाही येऊ शकतो. तुमच्या घरात वर्षभर चालू असलेली अशी गोळी असेल तर पुढच्या वेळी डॉक्टरांना तिच्याबद्दल जरूर विचारा. स्वतःहून मात्र बंद करू नका.

मी आणि मावशींनी जे केलं ते सांगते. खुर्चीत बसायचं, खांदे सैल. आधी डोकं स्थिर आणि फक्त डोळे: डावीकडे, उजवीकडे, वर, खाली. तीन-चार दिवसांनी अंगठा समोर धरून नजर त्यावर आणि डोकं हळू डावी-उजवीकडे. मग नजर आणि डोकं दोन्ही हाताच्या मागे. हे बसून बिनचूक जमल्यावरच उभं राहून, भिंतीजवळ. सगळ्यात शेवटी पाय, आणि तेही सगळ्यात संथ लयीत. दिवसातून दोन-तीनदा, दर वेळी दोन-चार मिनिटं. थोडी गरगर येऊ द्यायची. मिनिटभरात ओसरली तर बरोबर चाललंय. तासभर टिकली तर उद्या निम्मं करायचं. श्वास रोखायचा नाही. मी मान वळवताना दर वेळी श्वास धरत होते, हे मला आरशाने सांगितलं.

अभिनयदर्पण या जुन्या ग्रंथात डोक्याच्या नऊ हालचाली सांगितल्यात, नाट्यशास्त्रात तर तेरा. मला त्या पाठ करताना सारखी ओपीडी आठवायची. सगळ्यात पहिली 'सम', म्हणजे स्थिर डोकं. आडवी मान हलवणं ते 'धुत', वर-खाली ते 'कंपित'. हे दोन घरी सरावाला उत्तम. 'परिवाहित' म्हणजे चवरी ढाळावी तसं दोन्ही बाजूंना डोलणं, मावशींच्या खंजिरीतलं. 'उत्क्षिप्त' म्हणजे बाजूला वळवून वर उचललेलं डोकं, फळीवरचा डबा काढताना होतं तसं. सुटे खडे असतील तर नेमकी इथेच खोली फिरते. आणि 'आलोलित' म्हणजे गोल घुमवलेलं डोकं, झोप किंवा नशा दाखवायला. पन्नाशीच्या पुढच्यांनी मान अशी पूर्ण गोल घुमवण्याचा व्यायाम करू नये असं माझं मत आहे. मान वळण्याचं जवळपास निम्मं काम वरच्या दोन मणक्यांमधल्या एका सांध्यावर होतं. त्याला वळू द्या, पण झटके आणि गरगर फिरवणं नको.

(जाता जाता: भरतनाट्यम आपलं नाही असं म्हणणाऱ्यांसाठी. आजच्या वर्गांतला बराचसा शिक्षणक्रम ज्या चार भावांकडे जातो, ते तंजावरच्या भोसल्यांच्या दरबारी होते. १७९८ ते १८३२ राज्य केलेल्या सरफोजीराजांनी स्वतः मराठीत नृत्यरचना केल्या आहेत.)

आता काळजीचा भाग. मान हलवण्याआधी ज्यांनी डॉक्टरांना विचारायलाच हवं असे लोक आहेत: संधिवाताचा आमवात प्रकार असलेले, डाऊन सिंड्रोमची मुलं, मानेला पूर्वी मार लागलेले, हाडं फार ठिसूळ झालेले. मान पुढे वाकवल्यावर पाठीतून किंवा हातांतून विजेसारखा झटका जात असेल, बोटांनी शर्टाची बटणं लावायला जमत नसेल, तर आधी तपासणी. बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांनी खाली वाकलेलं डोकं सावकाश वर आणावं, आणि आपल्या मे महिन्यात पाणी न पिता सराव करू नये. ती चक्कर कानाची नसते. आणि चक्करेबरोबर एकाएकी दोन-दोन दिसू लागलं, बोलणं अडखळलं, गिळता येईना, एका बाजूची ताकद गेली, चालताच येईना, किंवा पूर्वी कधी नव्हतं असं डोकं वा मान दुखू लागली, तर व्यायाम, एप्ले, माझा हा लेख, सगळं बाजूला ठेवून लगेच मोठं हॉस्पिटल गाठा. तो पक्षाघात असू शकतो आणि तिथे मिनिटं मोजली जातात.

मी तिसऱ्या रविवारी क्लासला परत गेले. बाईंना खरं कारण सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग बसून करा. मी पण मुलींना बसूनच शिकवते, तुम्हाला वय बघून सांगायला संकोच वाटला." मुलींबरोबर जमिनीवर मांडी घालून मी महिनाभर फक्त मान आणि डोळे फिरवले. दीड-दोन महिन्यांत भिंत सरकायची थांबली. ताल अजून अधूनमधून सुटतो.

त्या वर्षीच्या पुण्यतिथी महोत्सवात मी आश्रमात होते. दुपारी चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी मौन सुरू झालं, एवढा अफाट समुदाय मान खाली घालून स्तब्ध. मौन संपलं, माणसं हलली. नंतर एका मांडवात महिला मंडळाचं भजन चालू होतं, तिथे मावशी दुसऱ्या ओळीत. खंजिरी नवी होती, सुनेने जुनी परत दिली नव्हती. पहिल्या भजनात डोकं ताठ. दुसऱ्यात थापेबरोबर थोडं उजवीकडे कललं, परत आलं. नंतर मी मोजायचं सोडून दिलं.

बाहेर भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "माहं झालं. तुमचा नाच आमाले कवा पाहाले भेटन?"

पुढच्या महिन्यात क्लासचा कार्यक्रम आहे. मी मागच्या रांगेत, डावीकडून तिसरी. मावशींना सांगितलंय, पण एका ठिकाणी सगळ्यांची मान उजवीकडे जाते आणि माझी अजून डावीकडे, हे सांगितलेलं नाही.